रस्तेजाळ्यातील संधिबिंदूची कोटी

रस्त्यांच्या अंकीय नकाशात एखाद्या बिंदूशी जितक्या रेषा येऊन मिळतात, त्या संख्येस त्या संधिबिंदूची कोटी असे म्हणतात. आलेख सिद्धांताच्या परिभाषेत चौक, फाटे व रस्त्यांची टोके हे शिरोबिंदू असून दोन शिरोबिंदूंमधील रस्त्याचा तुकडा ही कडा होय. कोटी १ असल्यास रस्ता तेथे संपतो, ३ असल्यास फाटा व ४ असल्यास चौक समजतात. कोटी २ असलेला बिंदू खरा संधिबिंदू नसतो. रस्त्याचे नाव वा प्रकार बदलल्यामुळे रेषा तेथे तुटलेली असते.

पार्श्वभूमी

या कल्पनेचे मूळ लिओनार्ड ऑयलर याने १७३६ मध्ये सोडविलेल्या क्योनिग्सबर्गच्या सात पुलांच्या प्रश्नात आहे. त्या शहराच्या चार भूभागांना अनुक्रमे ५, ३, ३ व ३ पूल जोडत होते. सर्व कोटींची बेरीज १४, म्हणजे पुलांच्या संख्येच्या दुप्पट होते. प्रत्येक कडेला दोन टोके असल्याने हा नियम कोणत्याही जाळ्यास लागू पडतो. गणना बरोबर झाली की नाही हे पाहण्याची ती सर्वांत सोपी कसोटी आहे.

गणनेची पद्धत

प्रथम रेषा परस्परांना मिळतात त्या ठिकाणी तोडतात. नंतर प्रत्येक तुकड्याचे आरंभबिंदू व अंत्यबिंदू काढून समान निर्देशांकांचे बिंदू एकत्र मोजतात. एकाच बिंदूवर सुरू होऊन तेथेच संपणारा वळसा दोनदा मोजला जातो. क्यूजीआयएस, ग्रास व पोस्टजीआयएस या मुक्त प्रणालींमध्ये हे काम करता येते.

व्यवहारात रेषांची टोके काही सेंटिमीटर वा मीटर अंतराने चुकतात. डोळ्यांना जोडलेला दिसणारा फाटा संगणकास तुटलेला दिसतो, म्हणून ठरावीक अंतरातील टोके एकत्र ओढून घेतात. हे अंतर मीटरमध्ये ठरवायचे तर माहिती प्रक्षेपित असावी लागते. वर्धा जिल्ह्यासाठी यूटीएम पद्धतीचा ४४ उत्तर हा पट्टा वापरता येतो. अंतर फार मोठे धरल्यास गावातील जवळजवळचे दोन फाटे एक होऊन नसलेला चौक तयार होतो.

वर्धा जिल्ह्यातील उदाहरणे

नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो जिल्ह्यातील सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जातो. जुने रस्ते त्याच्या वरून किंवा खालून जातात. प्रवेश केवळ ठरावीक आंतरबदलांवरच मिळतो. नकाशावर रेषा एकमेकींना छेदतात म्हणून तेथे कोटी ४ धरणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण मार्गशोधक मग वाहनास पुलावरून खालच्या रस्त्यावर उतरवतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये दोन रेषांचा बिंदू सामाईक असेल तरच त्या जोडलेल्या मानतात, त्यामुळे ही चूक टळते; मात्र सर्व छेदांवर रेषा सरसकट तोडल्यास ती पुन्हा उद्भवते.

समुद्रपूर तालुक्यातील जाम येथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो. अशा दुभाजक असलेल्या महामार्गाच्या दोन बाजू स्वतंत्र रेषांनी काढल्या जातात. परिणामी लोक ज्यास एक चौक म्हणतात, त्याचे माहितीत अनेक बिंदू होतात व चौकांची संख्या फुगते.

जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून वर्धा नदी वाहते. जिल्ह्याच्या हद्दीवर रस्ते कापल्यास पुलगाव येथील किंवा देवळीहून यवतमाळकडे जाणाऱ्या मार्गावरील पूल नदीच्या मध्यभागीच संपल्यासारखा दिसतो व कोटी १ चा खोटा बिंदू निर्माण होतो. यावर उपाय म्हणून हद्दीबाहेरील पट्ट्यासह मोजणी करून मगच हद्द लावतात. जेफ बोइंग यांची ओएसएमएनएक्स ही पायथन संहिता हीच रीत पाळते.

उपयोग

कोटी १ चे खरे बिंदू शोधल्यास एकाच रस्त्यावर अवलंबून असलेली गावे ओळखता येतात. नाल्याच्या पुरात तो रस्ता बंद पडला, तर अशा गावातून रुग्णास सेवाग्राम किंवा वर्धा येथील रुग्णालयात नेण्यास दुसरा गाडीमार्ग राहत नाही. तथापि केवळ कोटी पुरेशी नसते. गावाच्या आत अनेक चौक असूनही बाहेर पडणारा रस्ता एकच असू शकतो. अशा वेळी जी तुटल्यास जाळ्याचे दोन भाग होतात ती कडा शोधावी लागते. आलेख सिद्धांतात तिलाही ‘पूल’ असेच म्हणतात.