स्टार्चाचे पचन व अर्धपार्य पटल

स्टार्चाचे शर्करेत रूपांतर करणारा ‘डायास्टेज’ हा पदार्थ आन्सेल्म पायां व झां फ्रांस्वा पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये माल्टपासून वेगळा केला. त्यामुळे ही क्रिया सजीवाबाहेरही घडते, हे दिसून आले. पचन आवश्यक का, हे समजण्यास टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञांचे १८६१ मधील अपोहनाचे प्रयोग साहाय्यभूत ठरले. चर्मपत्री कागदातून शर्करा पार होते; स्टार्चासारखी कलिले मात्र अडतात. शालेय प्रयोगात सेलोफेनाच्या नळीत शिजविलेला स्टार्च व लाळ ठेवतात. काही वेळाने बाहेरील पाण्यात शर्करा आढळते. परंतु आयोडिनाने ते पाणी निळे होत नाही. आतड्यातील शर्करेचे शोषण मुख्यत्वे वाहक प्रथिनांद्वारे होत असल्याने ही नळी आतड्याची केवळ ढोबळ प्रतिकृती होय.