भोरडीवरचे दोन आरोप



फाल्गुन लागला की आपल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरची काही झाडं पानं टाकून देतात आणि नुसत्या फुलांवर उभी राहतात. पळस, पांगारा, काटेसावर. सरपणाला किंवा पाण्याला जाताना सकाळच्या वेळी या झाडांखालून गेलात, तर वर बाजार भरल्यासारखा कलकलाट ऐकू येतो. मान वर करून पाहा. साळुंकीएवढा पक्षी, डोकं काळं, पंख काळे, मागे पडलेली शेंडी, आणि पाठ-पोट गुलाबी. कोणी त्याला भोरडी म्हणतात, कोणी गुलाबी मैना, कोणी पळसमैना. (भोर आणि भोरडी या नावांचं काही नातं आहे का, असं लगेच कुणीतरी विचारणार. मी तरी ते जोडत नाही.)

हिवाळ्यात ही भोरडी मळकट दिसते. वसंतात गुलाबी रंग खुलतो, तो नवी पिसं येऊन नव्हे. पिसांच्या करड्या कडा झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. जुनं लुगडं विटतं, हिचं उलट आहे. रंग असा पुरता खुलला की ती निघायच्या तयारीला लागते. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे गेलेले असतात. आज बोलायचं आहे ते या जाण्यायेण्याबद्दल, आणि या पक्ष्यावर माणसाने वेळोवेळी केलेल्या आरोपांबद्दल.

पहिला आरोप तुम्हाला ठाऊकच आहे. चोरीचा.

तो कागदावर उतरल्याला आता दोनशे वर्षं होत आली. १८१८ साली पेशवाई गेली आणि आपला मुलूख कंपनी सरकारच्या हाती आला. नव्या मुलुखात काय पिकतं, काय खपतं, माणसं किती, जमीन कशी, हे त्यांना मोजून हवं होतं. त्या कामावर १८२४ साली विल्यम हेन्री साईक्स नावाचा लष्करी अधिकारी नेमला गेला. हा माणूस दख्खनभर फिरला. मोजदाद करता करता त्याने मासे, जनावरं आणि पक्षी यांच्याही याद्या केल्या. त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने छापली. दोनशेहून जास्त पक्षी त्यात आहेत. आपल्या ओढ्याकाठी मान आखडून बसणारा ढोकरी बगळा, त्याला शास्त्रातलं नाव याच साईक्सने दिलं.

भोरडीबद्दल त्याने लिहिलं ते आजही पक्ष्यांच्या पुस्तकांतून फिरतं. ज्वारी-बाजरी पिकायच्या वेळी या पक्ष्यांचे थवे आभाळ काळवंडून टाकतात, शेतकऱ्यावर ते संकटच असतं, आणि नासाडी करण्यात ते टोळांच्या तोडीचे आहेत, असा त्याचा अर्थ. बंदुकीच्या एका बारात चाळीस-पन्नास पडतात, हेही त्याने नोंदवलं आहे.

साईक्सचं म्हणणं खोटं नव्हतं. कणीस दुधात आलं की भोरड्यांचा थवा उतरतो आणि ताटावर बसल्या बसल्या दाणा टिपतो. घटकाभरात वावराची एक बाजू मोकळी होते. पण मला त्याच्या लिहिण्यात एक जागा रिकामी दिसते. शेतकऱ्यावरचं संकट त्याने लिहिलं. ते संकट दिवसभर हाकलत कोण उभं होतं, ते लिहिलं नाही. माळ्यावर चढून, गोफण फिरवत, डबडं वाजवत, घसा बसेपर्यंत ओरडत राखण करणाऱ्यांत बाया आणि पोरं किती होती! उजाडायच्या आत वावरात पोचायचं, कारण पाखरू उजाडतानाच उतरतं. दुपारी पाखरू सावलीला गेलं की भाकरी खायची, उन्हं कलली की पुन्हा उभं राहायचं. पदरात तान्हं असलं तर झोळी माळ्यालाच बांधायची. तीन-चार आठवड्यांचं हे काम. पेरणी, खुरपणी, काढणी यांचा हिशेब निदान बोलण्यात तरी येतो. राखणीचा तोही येत नाही.

मात्र याच बायांनी पाखराला नुसतं चोर म्हणून सोडलं नाही. जात्यावरच्या ओव्यांत लेक म्हणजे मैना आणि लेक म्हणजे राघू. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून ओव्या जमवल्या, आणि ती संख्या एक लाखाच्या वर गेली. मावळच्या डोंगरातल्या कितीतरी बायांचा आवाज त्यांत आहे. दिवसा जिला गोफणीने हाकललं, पहाटे तिचंच नाव लेकीला दिलं, असं ते आहे.

आता ही मैना जाते कुठे ते बघू.

मे महिन्यात आपल्याकडे मशागत चालू असते, तेव्हा भोरडी हजारो मैल दूर कझाकस्तानात, तुर्कमेनिस्तानात, चीनच्या शिंजियांग प्रांतात असते. उघडे माळ, कमी पाऊस, दगडांचे ढीग. त्या दगडांच्या कपारीत हजारोंनी एका जागी घरटी करायची, अंडी घालायची, पिल्लं वाढवायची. आणि पिल्लांना भरवायचं काय? नाकतोडे आणि टोळ. ज्या वर्षी ज्या भागात टोळ जास्त, त्या वर्षी भोरड्यांची वस्ती त्या भागात. म्हणून त्यांचा मुक्काम दर वर्षी एकाच जागी नसतो. १८७५ साली तर हजारो भोरड्या थेट इटलीतल्या व्हिलाफ्रांका नावाच्या गावी गेल्या, तिथल्या जुन्या किल्ल्याच्या भिंतींत त्यांनी पिल्लं काढली आणि निघून गेल्या. गावकरी बघतच राहिले असतील.

हे सगळं दोन-अडीच महिन्यांत उरकतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचे पहिले थवे भारतात परत दिसू लागतात. म्हणजे वर्षाचे जवळजवळ आठ-नऊ महिने भोरडी आपल्या देशात. तिला परदेशी पाहुणी म्हणायची आपल्याला सवय आहे, पण मला वाटतं तिचं सासर इकडेच आहे आणि ती फक्त बाळंतपणाला माहेरी जाते.

तर ज्या पक्ष्याला साईक्सने टोळांच्या पंगतीला बसवलं, तो माहेरी टोळ खाऊन शेतं राखतो. शिंजियांगमध्ये १९८०च्या दशकापासून सरकारी पातळीवर त्यांच्यासाठी दगडांचे ढीग आणि भिंती रचून दिल्या जातात, की या आणि इथे घरटी करा. औषध फवारण्यापेक्षा पाखरू बरं, हा तिथला हिशेब. असा हिशेब आधीही झालेला आहे. १७६२ साली टोळ खाण्यासाठी म्हणून आपल्याकडच्या साळुंक्या जहाजातून मॉरिशस बेटावर नेल्या होत्या. त्या तिथे आजही आहेत. आणि टोळधाड म्हणजे काय, हे २०२०च्या मे महिन्यात विदर्भातल्या आपल्या बहिणींनी बघितलं आहे. अमरावती, वर्धा, नागपूरच्या बाजूला बायका ताटं-पराती बडवत बांधावर उभ्या होत्या. भोरडी हाकलायची तीच तऱ्हा.

पण पक्षी कुठून कुठे जातो हे माणसाला कळलं कसं? आपल्या आज्यांना तो कधी येतो आणि कधी जातो हे बिनचूक माहीत होतं. कुठे जातो हे मात्र जगात कुणालाच धड माहीत नव्हतं. १८९९ साली डेन्मार्कमधल्या मॉर्टेन्सन नावाच्या शाळामास्तरांनी पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची हलकी कडी घालायला सुरुवात केली. कड्यावर आकडा आणि पत्ता. पक्षी दुसरीकडे कुणाला सापडला तर कळवावं. त्यांनी कडी घातली ते पक्षी भोरडीचेच चुलत भाऊबंद होते. आपल्याकडे १९२०च्या दशकात धार संस्थानात, म्हणजे पवारांच्या राज्यात, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साथीने बदकांच्या पायात कडी घालायला सुरुवात झाली. ही सोसायटी १८८३ सालची. पण मोठ्या प्रमाणावर काम व्हायला एक तापाची साथ कारण ठरली, आणि इथेच भोरडीसारख्या पाखरांवरचा दुसरा आरोप येतो.

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरू लागली. मागोमाग माणसांना ताप. पुण्यात १९५२ साली विषाणूंच्या अभ्यासाची एक संस्था सुरू झाली होती, तिलाच आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतात. करोनाच्या काळात तिचं नाव आपण रोज ऐकत होतो. या पुण्याच्या संस्थेने त्या तापाचा विषाणू शोधून काढला. तो रशियाकडच्या गोचिडीच्या तापाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. झालं, संशय कुणावर? दर हिवाळ्यात तिकडून इकडे येणाऱ्या पाखरांवर. त्यांच्या अंगावरच्या गोचिड्यांतून रोग आला असेल, असं म्हटलं गेलं.

मग १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सोसायटीने पक्षी पकडून, त्यांच्या पायात कडी घालून, अंगावरच्या गोचिड्या तपासून सोडून द्यायचं काम हाती घेतलं. प्रमुख होते डॉ. सालिम अली. जाळ्यात आलेलं पाखरू अलगद सोडवायचं, मापं घ्यायची, वहीत लिहायची, उडवून द्यायचं. असे हजारो पक्षी. त्यांतले काही पुढे रशियात, मध्य आशियात सापडले आणि कड्यावरचे आकडे मुंबईला कळवले गेले. पाखरांच्या वाटा अशा उलगडल्या. आणि आरोपाचं काय झालं? रोग पाखरांनी आणल्याचा पुरावा मिळाला नाही. तो त्याच जंगलातल्या गोचिड्यांतून पसरत होता. पाखरं सुटली, पण त्यांच्यामुळे वाटांचा नकाशा आपल्याला मिळाला. साथ आली की बाहेरून आलेल्याकडे बोट दाखवायची खोड पाखरांच्या बाबतीतही सुटत नाही, हे मात्र नमूद करून ठेवते.

याच सालिम अलींनी त्याआधी, १९३२ साली, एक वेगळाच लेख लिहिला होता. फुलं आणि पाखरं यांच्या देवाणघेवाणीवर. सावरीच्या, पांगाऱ्याच्या, पळसाच्या फुलात पाखरू चोच घालतं ते रसासाठी. कपाळाला पिवळे पराग लागतात आणि पुढच्या झाडाच्या फुलात जातात. फळ धरतं, बी धरतं. फाल्गुनातला तो बाजार म्हणजे नुसती मेजवानी नसते. सावरीचा कापूस, पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण, पांगाऱ्याचं कुंपण, यात भोरडीचाही हात आहे.

आता आजचं. वेल्ह्याकडे भात, नाचणी, वरई. ज्वारी आपल्या पूर्वेच्या बाजूला, नसरापूर, किकवी, सारोळ्याकडे. तिथेही ती कमी होत चालली. आणि तिथल्या बायका जे सांगतात त्यात खोच आहे. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी होती तेव्हा पाखरांचं खाणं शंभर वावरांत वाटलं जायचं. आता शिवारात एकीनेच ज्वारी केली तर सगळा थवा तिच्याच वावरात. म्हणून ती पुढच्या वर्षी करत नाही, आणि ज्वारी आणखी कमी होते. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, बचत गटांनी भाकरीचे, लाडवांचे स्टॉल लावले. राखणीचा विषय फारसा कुणी काढला नाही. तो गटातच सुटण्यासारखा आहे. चार-पाच जणींनी लागून असलेल्या वावरांत एकाच आठवड्यात पेरलं, तर कणसं एकदम दुधात येतात, नुकसान वाटलं जातं आणि राखणीच्या पाळ्या लावता येतात. चकाकणाऱ्या फिती, डबडी, गोफण चालेल. जाळी लावून पकडणं किंवा विष घालणं नको. तो कायद्याने गुन्हा आहे, आणि विषाने घुबडं आणि साळुंक्याही मरतात. डोंगराला लागणारे वणवे हा वेगळाच विषय. फुलावर आलेली सावर आणि पळस त्यात होरपळतात, आणि निघायच्या आधी अंगात चरबी साठवायला पाखराला तेच खाणं हवं असतं. हिमालयाच्या पलीकडे उपाशी पोटी जाता येत नाही.

पायात कडं असलेलं मेलेलं पाखरू कधी सापडलं तर ते फेकू नका. आकडा उतरवून घ्या आणि वनखात्याच्या माणसाला सांगा.

या एप्रिलमध्ये थवे गेले की भात लावणी संपेपर्यंत भोरडी दिसायची नाही. पावसाच्या शेवटाला थवा परत आला की नीट बघा. त्यात बरेच पक्षी गुलाबी नसतील, मातकट तपकिरी असतील, चोच पिवळट. ती त्या वर्षीची पिल्लं. तिकडच्या दगडात जन्मलेली, आणि आपली ज्वारी पहिल्यांदाच बघणारी.