आधार हवा, पण दिसता कामा नये : स्त्रियांच्या बुटांचा आणि तळपायाच्या कमानीचा इतिहास

आजचा विषय जाहीर केला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, "इतिहासाच्या मालिकेत चपला-बूट कुठून आले?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एका साध्या प्रसंगातून देतो. घरात लग्न आहे. मावशींची टाच दोन वर्षं दुखतेय. डॉक्टरांनी पायाचं माप घेऊन आधारपट्टी करून दिलीय, आपण जिला इनसोल म्हणतो ती. स्पोर्ट्स शूजमध्ये ती छान बसते. पण पैठणीखाली स्पोर्ट्स शूज कसे घालणार? मग त्या दिवशी आधारपट्टी कपाटात राहते, आणि रात्री मावशी गरम पाण्यात पाय सोडून बसतात.

हाच प्रसंग शिकागोत घडतो, लंडनमध्येही घडतो. तेव्हा हा एका मावशीचा प्रश्न नाही. समारंभाला घालायच्या बुटात आधाराला जागाच का नसते? ती कधी होती का? होती, तर गेली कुठे? या तीन प्रश्नांचा माग आपण आज काढणार आहोत. ही गोष्ट मुख्यतः युरोप-अमेरिकेतली आहे, कारण तो बूट तिथे घडला आणि मग सगळीकडे गेला.

आधी अडचण नेमकी काय, ते पाहू. आपल्या पावलात २६ हाडं असतात आणि ती कमानीसारखी रचलेली असतात. काहींची कमान बसकी असते, काहींची फार उंच. आधारपट्टी त्या कमानीखाली जाते आणि भार वाटून देते. पण पट्टीला जाडी असते. ती बुटात घातली की पाऊल वर उचललं जातं. उथळ बुटातून मग टाच निसटते आणि बोटं वरच्या चामड्याला घासतात. दुसरी अडचण उताराची. पट्टी सपाट बुटासाठी बनवलेली असेल, तर उंच टाचेच्या उतारावर तिचा बाक जुळत नाही. म्हणजे प्रश्न दोन गोष्टींचा आहे : खोली आणि उतार. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे सारखे लागतील.

आता मागे जाऊ. उंच टाच मुळात बायकांची नव्हती. ती घोडेस्वारांची. इराणी स्वार रिकिबीत पाय पक्का राहावा म्हणून टाचेचे बूट वापरत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सतराव्या शतकात ही पद्धत युरोपातल्या पुरुषांनी उचलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या लाल टाचा तर प्रसिद्धच आहेत. स्त्रियांनी टाच घेतली ती पुरुषांकडून. अठराव्या शतकात पुरुषांनी ती हळूहळू सोडली, स्त्रियांकडे ती राहिली.

टाचेबरोबर आणखी एक बदल झाला, त्याच्याकडे सहसा लक्ष जात नाही. बूट लाकडी साच्यावर बनतो. टाच आल्यावर डाव्या-उजव्या पायाचे एकमेकांशी जुळणारे दोन वेगळे साचे घडवणं अवघड आणि महाग झालं. म्हणून कारागिरांनी दोन्ही पायांना एकच सरळ साचा वापरायला सुरुवात केली. जवळजवळ दोनशे वर्षं युरोपात डावा-उजवा असा भेद बुटात नव्हताच म्हणा ना! एकोणिसाव्या शतकात तो परत आला. म्हणजे पायाच्या आकाराने बूट करायचा, ही आपल्याला उघड वाटणारी गोष्ट एवढा काळ बाजूला पडली होती.

याविरुद्ध आवाज उठवला तो शरीरशास्त्रज्ञांनी. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर याने १७८१ मध्ये उत्तम बूट कसा असावा यावर एक निबंधच लिहिला. घोड्याच्या खुरांची आपण जेवढी काळजी घेतो तेवढी माणसाच्या पायाची घेत नाही, ही त्याची तक्रार होती. पुढे झुरिकच्या हेरमान फॉन मायर याने १८५८ मध्ये सांगितलं की टाचेच्या मध्यातून निघालेली रेषा अंगठ्यातून गेली पाहिजे, आणि बूट त्या रेषेवर बेतला पाहिजे. टोक मधोमध असलेला बूट अंगठ्याला आत ढकलतो, हे त्यातून दिसत होतं.

विद्वानांचं म्हणणं बरोबर होतं. पण ते नवा बूट सुचवत होते, आणि बायकांना समारंभाला जायचं होतं समाजाला मान्य असलेल्या बुटात. इथे पहिली फाटाफूट झाली. पायाच्या हिताचा बूट वेगळा, मानाचा बूट वेगळा. ती फूट अजून पूर्ण सांधलेली नाही.

मग तिसरा मार्ग निघाला : बूट बदलायचा नाही, इलाज बुटाच्या आत लपवायचा. न्यूयॉर्कचे अस्थितज्ज्ञ रॉयल व्हिटमन यांनी १८८०च्या दशकाच्या अखेरीस सपाट तळव्यांसाठी धातूची घडवलेली पट्टी वापरात आणली. ती 'व्हिटमन प्लेट' म्हणून ओळखली गेली. ही झाली दवाखान्यातली गोष्ट. ती दुकानात आणली विल्यम शोल यांनी. शिकागोत बुटांच्या दुकानात काम करता करता ते वैद्यकही शिकत होते. १९०४ मध्ये त्यांनी कमानीला आधार देणारी आपली पट्टी बाजारात आणली. ते म्हणे दुकानदाराच्या गल्ल्यावर पायाच्या हाडांचा सांगाडा ठेवूनच बोलायला सुरुवात करायचे! शोल यांनी नेमकं काय विकलं? आमच्या मते, आधाराइतकंच न दिसणंही विकलं. तुमचा बूट तोच, चाल तीच, दुखणं मात्र कमी, आणि कुणाला पत्ता नाही.

त्याच काळात जर्मनीत कोनराड बिर्केनस्टॉक उलट दिशेने चालले होते. त्यांनी १८९०च्या दशकात तळपायाच्या आकाराचा साचा केला आणि १९०२ मध्ये लवचीक आधारपट्टी. त्या घराण्याने पुढे १९६३ मध्ये आधार लपवायचाच नाही असं ठरवून सरळ त्याचीच सँडल केली. १९६६ मध्ये मार्गोट फ्रेझर यांनी ती अमेरिकेत नेली, तेव्हा बुटांच्या दुकानदारांनी ती ठेवायला नकार दिला, कारण दिसायला कुरूप. शेवटी ती विकली गेली आरोग्य-आहाराच्या दुकानांतून. आधार उघडा पडला की तो बूट बुटांच्या रांगेतून उठवला जातो, हे इथे अगदी शब्दशः घडलं.

आता मधल्या काळाकडे वळू, कारण जागा खरोखर होती ती इथे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे स्त्रियांचे बूट आठवा. घोट्यापर्यंत, बंदांचे किंवा बटणांचे. १९२०च्या दशकात नाचायला जाताना घालायचे ते पट्ट्याचे बूट, काहींना इंग्रजी टी अक्षरासारखा पट्टा. टाच मध्यम, आणि मुख्य म्हणजे पाऊल धरून ठेवायला बंद किंवा पट्टा. ओहायोतल्या पोर्ट्समथमध्ये सेल्बी कंपनी कमानीला आधार असलेले स्त्रियांचे बूट बनवत होती, आणि ते दवाखान्यातले म्हणून नव्हे तर बाहेर जायचे बूट म्हणून विकले जात होते.

पट्ट्याचं महत्त्व काय? ज्या बुटाला पट्टा नाही, बंद नाही, त्याला पायावर टिकायचं तर एकच उपाय : पुढून बोटं आणि मागून टाच चिमटीत धरायची. म्हणजे तो घट्ट आणि उथळ असावाच लागतो. त्यात पट्टी घातली की चिमटा सुटतो. म्हणून आमचं म्हणणं असं की खरा अडसर केवळ उंच टाचेचा नाही. अडसर आहे पट्टा गेल्याचा.

इथे साल्वातोरे फेरागामो यांचं नाव घ्यायलाच हवं. इटलीतल्या बोनितो गावचा हा कारागीर तरुणपणी अमेरिकेत गेला, सिनेमावाल्यांचे बूट करू लागला, आणि पाय का दुखतात हे कळावं म्हणून त्याने तिथे शरीरशास्त्राचे वर्ग केले. शरीराचा भार ओळंब्यासारखा कमानीवर येतो, असा त्याचा निष्कर्ष. म्हणून त्याने बुटाच्या कमानीत पोलादी पट्टी बसवली. १९२७ मध्ये तो इटलीत परतला. इथिओपियावरच्या आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले आणि चांगलं पोलाद मिळेना. तेव्हा १९३६च्या सुमारास त्याने टाच आणि तळवा यांच्यामधली पोकळीच बुचाच्या लाकडाने भरून टाकली. आज आपण ज्याला वेजेस म्हणतो ते हेच. टंचाईतून आलेला उपाय, पण कमानीखाली भरीव आधार देणारा आणि शिवाय देखणा!

फेरागामो गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घेऊन लाकडी साचा ठेवत असे. कारखान्यांनी पोलाद उचललं, माप घेणं मात्र उचललं नाही. १९५०च्या दशकात धातूच्या गाभ्यामुळे टाच पेन्सिलीएवढी बारीक करता आली. रोजे विव्हिए यांनी पॅरिसमध्ये दिओरसाठी केलेले बूट त्या काळाची ओळख ठरले. त्या टाचांनी इमारतींच्या फरशांना खड्डे पडत, म्हणून काही ठिकाणी त्यांना बंदी होती. फरशीची तक्रार लगेच ऐकली गेली, हे नोंदवून ठेवू. उथळ, टोकदार, बिनपट्ट्याचा बूट हाच आता 'नीट' पोशाख ठरला, कचेरीतही आणि लग्नातही. जागा गेली ती इथे.

विरोधाभास असा की याच सुमारास इलाज पुढे जात होता. कॅलिफोर्नियात मर्टन रूट यांनी पावलाच्या हालचालीचा अभ्यास करून प्लास्टिकच्या, मापाच्या आधारपट्ट्यांचं शास्त्र उभं केलं. पट्टी सुधारली, पण ती ठेवायला बूट नव्हता. १९८०च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कची वाहतूक संपामुळे थांबली. बायका स्पोर्ट्स शूज घालून चालत कचेरीत गेल्या, 'नीट' बूट पिशवीत. संप संपला, पिशवी राहिली. १९९३ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर योजनेत मधुमेहींसाठी जादा खोलीचे बूट आले. त्यांची व्याख्या अशी की आतला काढता येणारा थर काढल्यावर किमान ३/१६ इंच, म्हणजे पाच मिलिमीटरला थोडं कमी, एवढी जागा मिळावी. दोनशे वर्षांचा वाद आणि कमतरता पाच मिलिमीटरची!

आपल्याकडचा एक धागा इथे जोडतो. वेल्लोरला पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी मऊ, बारीक छिद्रांच्या रबराच्या चपला वापरात आणल्या. जखमा टाळायला त्या उत्तम होत्या. पण चपलेवरूनच रोग ओळखू येऊ लागला, आणि त्या घालायला लोक कचरू लागले. पाय वाचवणारी वस्तू माणसाला चारचौघांत उघडं पाडत असेल, तर माणूस पाय पणाला लावतो. मावशींची हौस म्हणून आपण जे हसण्यावारी नेतो, ते याच जातीचं आहे. फरक तीव्रतेचा.

आणि ही सक्तीही असते. लंडनमध्ये एका कंपनीत स्वागतकक्षावर काम करणाऱ्या तरुणीला टाचेचे बूट नाहीत म्हणून घरी पाठवलं गेलं. तिच्या अर्जावर दीड लाखाच्या आसपास सह्या झाल्या आणि २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समित्यांनी त्यावर अहवाल दिला. २०१९ मध्ये जपानमध्ये अशीच मोहीम झाली.

मग मावशींनी काय करावं? इतिहासातूनच उत्तर काढू. पट्ट्याचा बूट शोधावा, १९२०च्या दशकातल्यासारखा. मागची बाजू बंद आणि ताठ हवी. आतला थर निघणारा हवा, म्हणजे पट्टीला खोली मिळेल. टाच इंचभर, फार तर थोडी जास्त, म्हणजे उतार जुळेल. पूर्ण लांबीची पट्टी मावत नसेल तर बोटांच्या अलीकडे थांबणारी, पाऊण लांबीची करून मिळते का, ते डॉक्टरांना विचारावं. कोल्हापुरीत पट्टी ठेवायला कडाच नाहीत, ती सरकते, हे आधीच ओळखावं. दुकानात जाताना पट्टी बरोबर न्यावी, आणि संध्याकाळी जावं, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं.

आणि बाकीच्यांनी काय करावं? पुढच्या लग्नात पैठणीखाली कुणाचे स्पोर्ट्स शूज दिसले, तर खाली पाहून हसू नये. त्या बाई चारशे वर्षांच्या हट्टाविरुद्ध उभ्या असतात, आणि रात्री त्यांचे पाय दुखणार नसतात.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.