पौंडांनी लिहिलेली क्रमवारी

२३ मे २०२४ ची रात्र. लंडनच्या ओटू अरीनात सतरा वर्षांच्या ल्यूक लिटलरने प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात ल्यूक हम्फ्रीजला ११-७ असं हरवलं. हम्फ्रीज तेव्हा जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता. त्याच सामन्यात लिटलरने ५०१ गुणांवरून शून्यावर यायचा एक डाव फक्त नऊ डार्टमध्ये संपवला. याहून कमी डार्टमध्ये तो संपूच शकत नाही. बक्षीस मिळालं २ लाख ७५ हजार पौंड. आणि या विजयामुळे जागतिक क्रमवारीत तो एक पायरीही वर सरकला नाही.

हे विशेष अशासाठी, की व्यावसायिक डार्ट्समध्ये क्रमवारी ठरते ती केवळ बक्षिसाच्या रकमेवर. प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन, म्हणजे पीडीसी, ही या खेळाची सर्वांत मोठी संस्था. तिच्या मुख्य यादीला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ म्हणतात. गेल्या दोन वर्षांत ठराविक स्पर्धांमधून कोणी किती पौंड मिळवले त्यांची बेरीज करायची आणि मोठ्यापासून लहानापर्यंत नावं लावायची, एवढाच हिशेब. एक पौंड म्हणजे एक गुण. प्रतिस्पर्धी किती तगडा होता, सरासरी किती पडली, तीन डार्टमध्ये कमाल १८० गुण किती वेळा मारले, यातलं काहीही त्यात धरत नाहीत. प्रीमियर लीग मात्र निमंत्रितांची स्पर्धा आहे. जिथे प्रवेश खेळून मिळवावा लागत नाही, तिथली कमाई क्रमवारीत धरायची नाही, असा दंडक आहे. लिटलरचे पौंड बँकेत गेले, यादीत गेले नाहीत.

इतका रोखठोक नियम एका रात्रीत आलेला नाही. त्याच्यामागे एक भांडण आहे, एक फाटाफूट आहे आणि बऱ्याच जणांची अडचणीत गेलेली वर्षं आहेत.

डार्ट्स वाढला इंग्लंडच्या पबमध्ये. ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या वृत्तपत्राने १९२७ मध्ये लंडन परिसरात स्पर्धा सुरू केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती देशभर पसरली. तिची रचनाच अशी होती की क्रमवारीची गरजच पडू नये. प्रत्येकाने आपल्या पबपासून सुरुवात करायची, मग आपल्या भागातून पुढे जायचं. सामना तीन डावांचा. त्यातले दोन गेले की घरी. गतविजेत्यालाही पुन्हा आपल्या पबपासूनच यावं लागे. “यंदा कोण जिंकलं?” असं लोक विचारत, “एक नंबर कोण?” हा प्रश्न कोणाला पडत नसे.

तो पडायला लागला दूरचित्रवाणी आल्यावर. जानेवारी १९७३ मध्ये ऑली क्रॉफ्ट यांनी लंडनच्या मसवेल हिलमधल्या आपल्या घरी ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशनची, बीडीओची, स्थापना केली. क्रॉफ्ट यांनी काउंटी संघांची पक्की चौकट उभी केली आणि खेळाला शिस्त लावली. हे ऋण कोणी नाकारू नये. १९७८ मध्ये नॉटिंगहॅमला पहिली जागतिक स्पर्धा झाली. वेल्सच्या लायटन रीसने जॉन लोला ११-७ असं हरवलं आणि ३ हजार पौंड नेले. सहा वर्षांनी, ऑक्टोबर १९८४ मध्ये, याच लोने स्लावला कॅमेऱ्यासमोर नऊ डार्टमध्ये डाव संपवला आणि त्या एका डावाचे १ लाख २ हजार पौंड घेतले. एरिक ब्रिस्टो, जॉकी विल्सन ही नावं ब्रिटनच्या घराघरांत पोचली होती.

आणि मग पडदा पडला. १९८० च्या दशकाच्या शेवटी वाहिन्यांनी एकेक करून डार्ट्स बंद केला. दशक संपता संपता पडद्यावर एकच मोठी स्पर्धा उरली, ती म्हणजे जागतिक अजिंक्यपद. ज्यांनी नोकऱ्या सोडून खेळावर पोट ठेवलं होतं, त्यांच्यावर वर्षातून एकदाच प्रेक्षकांसमोर यायचा प्रसंग आला. प्रायोजक टीव्हीमागे येतात, टीव्ही गेला की तेही जातात. खेळाडूंना वाटत होतं की संघटना पुरेशी धडपड करत नाही. संघटनेच्या दृष्टीने हे मूठभर व्यावसायिक होते. तिचा जीव काउंटीच्या हजारो हौशी खेळाडूंत होता. दोघांचंही आपापल्या जागी खरं होतं. पण पोटाचा प्रश्न एकाच बाजूला होता.

१९९२ मध्ये खेळाडूंचे व्यवस्थापक डिक ॲलिक्स आणि टॉमी कॉक्स यांच्या पुढाकाराने वर्ल्ड डार्ट्स कौन्सिल निघालं. जानेवारी १९९३ मध्ये लेकसाइडला बीडीओची जागतिक स्पर्धा चालू असतानाच सोळा खेळाडूंनी जाहीर केलं, की यापुढे आम्ही याच कौन्सिलच्या छत्राखाली खेळू. त्यांत तोवरचे बहुतेक जगज्जेते होते: ब्रिस्टो, लो, विल्सन, बॉब अँडरसन, डेनिस प्रीस्टली, फिल टेलर. बीडीओने त्यांच्यावर बंदी घातली, आणि ती नुसती मोठ्या स्पर्धांपुरती नव्हती. काउंटीचे सामनेही बंद. दोघे जण, माइक ग्रेगरी आणि क्रिस जॉन्स, माघारी फिरले. बाकीचे चौदा ठाम राहिले.

या बंदीने खेळाडूंना जो धडा दिला, त्यातूनच पुढची क्रमवारी उभी राहिली, असं माझं मत आहे. जगज्जेता असलात तरी खेळण्याचा हक्क समितीच्या मर्जीवर आहे, हे त्यांनी अनुभवलं. मर्जी चालणार नाही असं मोजमाप हवं, ही गरज तिथे रुजली. कोर्टकज्जे चार वर्षं चालले. जून १९९७ मध्ये तडजोड झाली, दोन्ही संस्थांनी एकमेकींना मान्यता दिली आणि कौन्सिलचं नाव पीडीसी झालं.

दरम्यान फुटून निघालेल्यांनी आपली जागतिक स्पर्धा सुरू केली होती. १९९३ सरताना आणि १९९४ उजाडताना, एसेक्समधल्या पर्फ्लीटच्या सर्कस टॅव्हर्नमध्ये चोवीस खेळाडू जमले. बुटक्या छताचा हॉल, सिगारेटचा धूर, कॅमेरा स्काय स्पोर्ट्सचा. प्रीस्टलीने टेलरला ६-१ असं हरवलं आणि १६ हजार पौंड घेतले. ज्यांच्या घरी खटल्याचा खर्च येऊन पडला होता, त्यांच्या दृष्टीने ही रक्कम मोठी नव्हती. पण ती त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या स्पर्धेची होती.

सुरुवातीला पीडीसीचीही क्रमवारी गुणांची होती, आणि चांगलीच किचकट. त्या काळात बहुतेक खेळांनी हाच मार्ग धरला होता. टेनिसची संगणकीय क्रमवारी १९७३ पासून होती, स्नूकरची १९७६ पासून. कुठल्या स्पर्धेला किती गुण, कुठल्या फेरीला किती, हे कोणीतरी बसून ठरवायचं. म्हणजे समिती पुन्हा मागच्या दाराने आत. पैशाची पद्धत होती गोल्फकडे. युरोपीय गोल्फची ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ १९७५ पासून कमाईवर चालत होती. डार्ट्सने नावही तेच घेतलं आणि तत्त्वही.

हे जमलं याचं एक कारण बॅरी हर्न. मुष्टियुद्ध आणि स्नूकरमध्ये मुरलेला हा आयोजक २००१ मध्ये पीडीसीचा अध्यक्ष झाला. बक्षिसं वाढली, स्पर्धा वाढल्या, आणि रक्कम हाच मापदंड ठेवण्याइतका पैसा खेळात आला. २००७ च्या सुमारास गुणांची जुनी पद्धत मागे पडली आणि पौंडांची यादी हीच जागतिक क्रमवारी झाली. पैशाने मोजायचं तर पैसा खरा आणि वेळेवर द्यावा लागतो, ही यातली अट. जानेवारी २०२० मध्ये पीडीसीच्या विजेत्या पीटर राइटला ५ लाख पौंड मिळाले. त्याच महिन्यात बीडीओच्या जागतिक स्पर्धेत तिकिटं खपली नाहीत, बक्षिसं ऐनवेळी कापली गेली, आणि जगज्जेता वेन वॉरेन २३ हजार पौंड घेऊन घरी गेला. आदल्या वर्षी त्याच किताबाचे १ लाख होते. त्या वर्षअखेरीआधी बीडीओ बंद पडली.

यादीचा खरा दात आहे तो दोन वर्षांच्या मुदतीत. तीच स्पर्धा दोन वर्षांनी पुन्हा आली, की तिथली जुनी कमाई पासबुकातून वजा होते. रॉब क्रॉसचं उदाहरण घ्या. हेस्टिंग्ज भागातला हा इलेक्ट्रिशियन. २०१७ च्या जानेवारीत त्याला टूर कार्ड, म्हणजे पीडीसीच्या स्पर्धा खेळण्याचा परवाना, मिळालं तेव्हा त्याच्या नावावर शून्य पौंड होते. वर्षभर तो लहानमोठ्या स्पर्धा खेळत गेला, आणि १ जानेवारी २०१८ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने फिल टेलरला ७-२ असं हरवलं. टेलरचा तो शेवटचा सामना. क्रॉसच्या खात्यात ४ लाख पौंड पडले आणि तो थेट तिसऱ्या क्रमांकावर गेला. गुणांच्या जुन्या पद्धतीत नवख्याला असं वर येता आलं असतं का, याची मला शंका आहे.

मग डिसेंबर २०१९ आला. ते ४ लाख आता वजा व्हायचे होते. क्रॉस दुसऱ्या क्रमांकावर होता, पण जागतिक स्पर्धेतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात बेल्जियमच्या किम हायब्रेख्ट्सने त्याला ३-० असं गुंडाळलं. वजाबाकी पूर्ण झाली, भरपाई जवळपास काहीच नाही. मधल्या काळात त्याने ब्लॅकपूलची वर्ल्ड मॅचप्ले जिंकली होती म्हणून तो सावरला. मायकल स्मिथला तेवढाही आधार मिळाला नाही. २०२३ चा जगज्जेता, अंतिम सामन्यात नऊ डार्टचा डाव, ५ लाख पौंड, पहिला क्रमांक. आणि दोन वर्षांनी त्याच मंचावर पहिल्याच सामन्यात पराभव. तो पहिल्या सोळांच्या बाहेर फेकला गेला. खेळाडूंच्या तोंडी ‘पैसे वाचवणं’ हा शब्दप्रयोग येतो तो यामुळे. समोर प्रतिस्पर्धी असतो, पण डोक्यात दोन वर्षांपूर्वीची रक्कम असते.

क्रमवारी नुसती शोभेची नाही. २०११ पासून टूर कार्डांची पद्धत आहे, सध्या १२८ कार्डं असतात. जागतिक स्पर्धा संपल्यावर यादीतल्या पहिल्या चौसष्टांची कार्डं टिकतात. दोन वर्षांची मुदत संपलेले बाकीचे क्यू-स्कूलच्या निवड फेऱ्यांत परत रांगेला लागतात, आणि कार्ड पुन्हा मिळालं तरी हिशेब शून्यापासून. म्हणून चौसष्टाव्या आणि पासष्टाव्या क्रमांकांतले थोडे पौंड एखाद्याच्या पुढच्या दोन वर्षांचा निकाल लावतात. विजेत्याच्या लाखांपेक्षा मला ही रेघ जास्त महत्त्वाची वाटते. वर्षभर चालणाऱ्या प्लेयर्स चॅम्पियनशिपच्या एकदिवसीय स्पर्धांत २०२५ मध्ये विजेत्याला १५ हजार पौंड होते, पहिल्या फेरीत हरलेल्याला शून्य. प्रवास आणि हॉटेलचा खर्च ज्याचा त्याने करायचा.

पद्धत इतकी साधी, की ती पुढे दुसऱ्या खेळानेही घेतली. हर्न यांच्याच कारभारात स्नूकरने २०१४ मध्ये गुण सोडून दोन वर्षांच्या बक्षीसरकमेची क्रमवारी स्वीकारली. गोल्फकडून आलेलं रोप डार्ट्समध्ये वाढलं आणि त्याची फांदी स्नूकरमध्ये लागली.

या पद्धतीवर टीका होते आणि तिच्यात तथ्य आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लिटलर वुल्व्हरहॅम्प्टनच्या ग्रँड स्लॅममध्ये अंतिम फेरीत पोचला आणि हम्फ्रीजला मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आला. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण लगेच पुढची जागतिक स्पर्धा आली. एकूण बक्षीस ५० लाख पौंड, आणि त्यातले १० लाख एकट्या विजेत्याला. २०२५ ची वर्ल्ड मॅचप्ले जिंकणाऱ्याला २ लाख मिळाले होते. म्हणजे जागतिक किताब एक, तर मॅचप्लेचे किताब पाच. पैशाने मोजणं न्याय्य आहे, पण पैसा कुठे किती ठेवायचा हे अजूनही माणसंच ठरवतात, आणि तिथे समितीचा हात शिल्लक आहे. उपाय गुणांकडे परत जाण्यात नाही. मधल्या स्पर्धांची बक्षिसं वाढवावीत आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला निदान प्रवासखर्च निघेल एवढी रक्कम द्यावी. यादी आपोआप समतोल होईल. तोवर ३ जानेवारी २०२६ ला लिटलरने जियान व्हॅन व्हीनला ७-१ असं हरवून मिळवलेले १० लाख पौंड २०२८ ची जागतिक स्पर्धा संपेपर्यंत त्याच्या नावावर राहतील.