थडग्यांची जमाबंदी

स्कॉटलंडमध्ये पूर्वज शोधणारा माणूस १ जानेवारी १८५५ पर्यंत फारसा न अडखळता मागे जातो. त्या दिवसापासून जन्म, विवाह, मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. पहिल्या वर्षीचे मृत्यूचे दाखले तर इतके तपशीलवार, की आईबाप, जोडीदार, मुलं आणि दफनाची जागासुद्धा त्यांत सापडते.

त्यामागचा काळ मात्र अवघड. पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाच्या, जुन्या वह्यांपैकी सर्वांत जुनी एरल गावची, १५५३ ची. पण दफनाच्या नोंदी ठेवणाऱ्या पॅरिश थोड्या. जिथे त्या आहेत, तिथेही अनेकदा शवपेटीवर घालायच्या चादरीचं भाडं तेवढं टिपलेलं. १७८३ पासून १७९४ पर्यंत सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला होता, तेव्हा कित्येकांनी नोंदच टाळली. मुख्य चर्चपासून फुटून निघालेल्यांची नावंही बऱ्याचदा या वह्यांत नसतात.

राहता राहिला दगड. विणकराचा धोटा, लोहाराचा हातोडा आणि मुकुट, शेतकऱ्याचा नांगराचा फाळ, नवराबायकोची आद्याक्षरं. स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव थडग्यावर कोरत, त्यामुळे एकाच शिळेवर दोन घराण्यांचा धागा मिळतो. म्हणूनच आज तिथल्या कौटुंबिक इतिहासाच्या संस्थांचे स्वयंसेवक मऊ ब्रश घेऊन चर्चच्या आवारात उतरतात. एक जण आरशाने तिरपा उजेड पाडतो, दुसरा वाचतो, तिसरा लिहितो. आवारातली एकही शिळा वगळायची नाही, हा त्यांचा नियम. हा नियम आला कुठून?

नेहमीचं उत्तर १९ व्या शतकाकडे बोट दाखवतं. चार्ल्स रॉजर्स यांनी १८७१-७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या स्मारकलेखांचे दोन खंड काढले. अँड्र्यू जर्व्हिस यांनी ईशान्य भागातले लेख जमवले, त्यांचे खंड १८७५ आणि १८७९ चे. काही जण आणखी मागे, सर जॉन सिंक्लेअर यांच्यापर्यंत जातात. १७९१ ते १७९९ या काळात सिंक्लेअर यांनी गावोगावच्या धर्मोपदेशकांना प्रश्नावली पाठवून नऊशेहून अधिक पॅरिशांची माहिती २१ खंडांत छापली. गावोगावच्या माणसांनी मिळून देशाची माहिती गोळा करायची, हे वळण रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा. पण थडग्यांचं काम त्यांनी सांगितलं नव्हतं. रॉजर्स आणि जर्व्हिस यांची नजर निवडीची होती. जमीनदार, धर्मोपदेशक, चटकदार पद्य यांना तिथे जागा मिळाली. साध्या चांभाराची शिळा बाजूला राहिली.

निवड थांबली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जॉन फाउलर मिचेल आणि शीला मिचेल या जोडप्याच्या हातून. एडिनबराच्या स्कॉटिश जीनिऑलॉजी सोसायटीसाठी, जिची स्थापना १९५३ ची, त्यांनी फाइफ, पर्थशायर, स्टर्लिंगशायर, रेनफ्रूशायर असे परगणे एकामागून एक पालथे घातले. १८५५ च्या आधीची वाचता येणारी प्रत्येक शिळा, तीही नाव, साल, नातं, धंदा एवढ्याच आटोपशीर रूपात, आणि शेवटी आडनावांची सूची.

हे जॉन मिचेल कोण? हिंदुस्थानातले निवृत्त आय.सी.एस. अधिकारी. त्यांचा मुलगा उटीला जन्मला. कोड्याचा धागा कदाचित इथे सापडतो. ज्या नोकरीत एकही शेत क्रमांकाशिवाय सोडायचं नाही, ही जमाबंदीची शिस्त अंगात मुरते, तिथला माणूस दफनभूमीतही तेच करू शकतो. आपल्याकडे गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरात बसवलेली जमीन-पाहणीची घडी याच जातीची.

यावर एक आक्षेप घेता येतो. हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या थडग्यांच्या सरकारी याद्याही होत्याच. ज्युलियन जेम्स कॉटन यांची मद्रासची यादी १९०५ ची, आणि तेही आय.सी.एस. मग मिचेल यांनी ती तर उचलली नाही? तसं वाटत नाही, कारण कॉटन यांची यादीही ऐतिहासिक महत्त्व बघून केलेली निवडच होती. मिचेल यांच्या कामाचा साचा थडग्यांच्या यादीतून नव्हे, शेतांच्या नोंदीतून आला असावा.

शीलाबाईंचा वाटाही तेवढाच वजनाचा. पहिल्या महायुद्धात ‘ब्रिटानिक’ या इस्पितळ-जहाजावर त्या परिचारिका होत्या. २१ नोव्हेंबर १९१६ रोजी ते जहाज एजियन समुद्रात बुडालं, त्या वाचल्या. १९७६ मध्ये, पंच्याऐंशी ओलांडल्यावर, झाक कुस्तो यांच्या मोहिमेबरोबर त्या त्याच जागी पुन्हा गेल्या. त्या दशकात मिचेल यांचे खंडही निघत होते. सगळं श्रेय त्यांच्या नवऱ्याच्या नोकरीला देणं म्हणूनच अन्यायाचं. शिस्त हिंदुस्थानातली असेल, चिकाटी दोघांची.

पुढचा प्रवास झपाट्याचा. १९७७ मध्ये ग्लासगोत, १९७८ मध्ये अ‍ॅबर्डीनला कौटुंबिक इतिहासाच्या संस्था निघाल्या आणि दोघांचं काम शेकडो हातांत गेलं. मग स्वयंसेवकांनी १८८१ ची जनगणना युटाच्या वंशावळी संस्थेबरोबर उतरवून काढली.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या, ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेचे स्वयंसेवकही अशाच नोंदी उतरवून काढतात. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. तिथे त्या एन/३ या मालिकेत आहेत. मुंबईत वारलेल्या स्कॉटिश मुलाचं नाव कधी गावाकडे आईबापांच्या शिळेवर कोरलेलं असतं, आणि त्याच्या दफनाची तारीख या मालिकेत शोधता येते.