कंपनीची बस अजून यायची आहे

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या मनगटावर बांधायच्या लोकेशन ट्रॅकरचं कुळ शोधत मागे गेलं, की आपण कोर्टाच्या दारात पोहोचतो. १९८३ साली अमेरिकेतल्या अल्बुकर्क शहरात जॅक लव्ह नावाच्या न्यायाधीशाने प्रोबेशनवरच्या एका माणसाच्या घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधायला लावला. कल्पना सुचली होती स्पायडरमॅनच्या चित्रकथेवरून! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाट चुकलेलं एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. त्यानंतर अमेरिकेने लष्करासाठी उभी राहत असलेली जीपीएस यंत्रणा सगळ्या जगाला फुकट देण्याचं जाहीर केलं. तरी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली असे, शंभरेक मीटरचा फरक पडायचा. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली. शंभर मीटर म्हणजे किती? आमच्या निगडीत हायवेच्या अलीकडे की पलीकडे, एवढा प्रश्न.

हे सगळं मी वाचायला लागलो ते आमच्या सोसायटीतल्या एका काकांमुळे. पिंपरीच्या एका कारखान्यातून ते रिटायर झाले त्याला वीस वर्षं झाली. पण पहाटे साडेपाचला अंघोळ करून, शर्ट खोचून, हातात डब्याची पिशवी घेऊन ते चौकात उभे राहायचे. फर्स्ट शिफ्टची बस यायची आहे म्हणून. रोज कोणीतरी समजूत काढून त्यांना परत आणायचं. एक दिवस कोणाचं लक्ष नव्हतं, आणि काका चालत निघाले. सापडले संध्याकाळी, मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला. पाय सोलवटलेले, डबा तसाच.

डॉक्टरी कागदावर याला ‘भटकणं’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. काकांना नेमकं कुठे जायचंय ते ठाऊक होतं. फक्त ते ठिकाण आता उरलेलं नव्हतं.

आपलं शहरच मुळी असं आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि सातारा, सोलापूर, मराठवाड्यातून पोरं इथे येत गेली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. गावाला देवळाची घंटा असते, इथे भोंगा होता. टोकन नंबर, पंचिंग कार्ड, तीन पाळ्या. पुढे बजाजने आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादन २००७ मध्ये थांबवलं, मोठे कारखाने चाकणला गेले. टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, पण टेल्को रोड टेल्को रोडच राहिला. म्हणजे म्हाताऱ्यांच्या डोक्यातला नकाशा आणि रस्त्यावरची नावं अर्धीमुर्धी जुळतात. नेमकं तेच घातक. पूर्ण परक्या जागी माणूस थांबून विचारतो तरी.

आणि मेंदूतलं होकायंत्रही याच वेळी बिघडत असतं. जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ चं नोबेल मिळालं ते मेंदूतल्या दिशा-जागा ओळखणाऱ्या पेशींच्या शोधासाठी. मोझरना अशा पेशी जिथे सापडल्या, तो एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्स अल्झायमरमध्ये सगळ्यात आधी झिजणाऱ्या भागांपैकी एक. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय अभ्यासाचा अंदाज असा की साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे.

मग ट्रॅकर घ्यावा का? घ्यावा, पण तो काय करतो ते समजून. जीपीएस फक्त ऐकतं, उपग्रहांचे सिग्नल. ऐकलेलं तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचवायला सिमकार्ड आणि रेंज लागते. पत्र्याच्या शेडखाली सिग्नल कमजोर होतो. चार्जिंग संपलं की तो नुसता पट्टा. अंघोळीला काढला आणि पुन्हा घालायचा राहिला तर संपलंच. जपानमधल्या इरुमा शहराने २०१६ मध्ये यावर साधा तोडगा काढला: नखावर चिकटवायचा सेंटिमीटरभर क्यूआर कोड. कपडे बदलले तरी नख सोबत असतं. जपानची गरजही तेवढीच मोठी. २०२३ या एका वर्षात तिथे स्मृतिभ्रंश असलेली १९,०३९ माणसं हरवल्याची नोंद पोलिसांकडे झाली. आपल्याकडे त्याच वर्षी वरळीतून हरवलेला बारा वर्षांचा एक मुलगा गळ्यातल्या क्यूआर लॉकेटमुळे कुलाब्यात सापडला. क्यूआरला चार्जिंग लागत नाही, पण स्कॅन करायला थांबणारा माणूस लागतो. पहाटेच्या पुणे-नाशिक हायवेवर तो कुठून आणायचा?

काकांच्या मुलाने शेवटी ट्रॅकर आणला. काका बांधून घेईनात. ससेक्स पोलिसांनी २०१३ मध्ये अशी यंत्रं आणली तेव्हा ब्रिटनच्या पेन्शनरांच्या संघटनेनेही चिडून म्हटलं होतं, की ही माणसांना गुन्हेगारासारखी वागणूक आहे. १९८३ चा घोटा त्यांना आठवला असणार. इकडे मुलाने शक्कल लढवली. ‘बाबा, कंपनीने नवीन पंचिंग काढलंय, मनगटावरचं.’ काकांनी लगेच हात पुढे केला.

मी तिथे होतो. मला हायसं वाटलं आणि वाईटही. चाळीस वर्षांच्या नोकरीने त्यांना लावलेली शिस्त आपण त्यांच्याच विरुद्ध वापरतोय, असं आत कुठेतरी टोचलं. तरी मुलाच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. मोशीच्या पुढचा तो रस्ता रात्रंदिवस कंटेनरचा आहे.

खोटं टाळायचं तर विचारायची वेळ आधी येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे आणि दिशा-काळाच्या भानाचे गंभीर बिघाडही येतात. पुढे आपली काळजी कशी घ्यावी, कशी घेऊ नये, हे भान असतानाच लिहून ठेवायची सोय त्यात आहे. मी परवा बाबांना विचारलं. चौसष्ट वर्षांचे आहेत, ठणठणीत. ते बराच वेळ चहा ढवळत राहिले.

“बांध,” म्हणाले. “पण लोकेशन तुला आणि आईला दिसू दे. फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही.”