एचपीव्ही संसर्ग व मातृत्व
ह्यूमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) लैंगिक संपर्कातून पसरतो आणि सर्रास आढळतो. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप ओसरतात. १६ व १८ हे प्रकार टिकून राहिल्यास गर्भाशयमुखाचा कर्करोग होऊ शकतो. नुसत्या संसर्गासाठी गर्भाशय काढावे लागत नाही. गर्भधारणा होते, नैसर्गिक प्रसूतीही होते. हे ठासून सांगायला हवे, कारण मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात कर्करोगाची भीती घालून ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या तक्रारी २०१९ मध्ये गाजल्या.

खरी काळजी उपचारांची. कर्करोगपूर्व बदल झालेला गर्भाशयमुखाचा भाग शंकूच्या आकारात कापून काढल्यास पुढचे बाळंतपण अकाली होण्याचा धोका वाढतो. काप जितका खोल, तितका अधिक. म्हणून मूल हवे असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गरोदरपणात एचपीव्हीची प्रतिबंधक लस देत नाहीत.

मराठवाड्यातीलच उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वयोगट पाहता, पहिलटकरणींच्या शंका मात्र या अभ्यासाच्या कक्षेबाहेरच राहिल्या.